वय झालेल्या आई-बाबांची इम्युनिटी: सुरुवात कुठून करायची आणि पैसे कशावर घालवायचे नाहीत

पावसाळा तोंडावर आला की फॅमिली ग्रुपवर काढ्याच्या रेसिपी फिरायला लागतात, मेडिकलवाला झिंकच्या गोळ्या आणि इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्या काउंटरवर पुढे मांडून ठेवतो, आणि आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यातलं एखादं उचलून आणतो, तेवढंच काहीतरी केल्याचं समाधान. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सत्तरीतल्या माणसाची इम्युनिटी बाहेरून काही ओतून वाढत नाही, पण जे जे तिला रोज खाली ओढतंय ते एकेक करून काढलं तर बरीचशी परत येते, आणि जी येत नाही तिच्यासाठी लस आहे. कामं याच क्रमाने करायची, कारण शुगर ३०० आणि तोंडात सडलेला दात असताना च्यवनप्राश चाटून काही होत नाही.

आधी नेमकं काय बिघडतं ते

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. तिचं काम काय हे १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवलं, तोपर्यंत डॉक्टर लोक तिला निरुपयोगी मांसाचा तुकडा समजत होते. रक्तातल्या टी-पेशींचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचं, ट्रेनिंग इथे होतं. पण ही ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसत जाते आणि साठीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. म्हणजे पोलीस भरती बंद झालेलं ठाणं समजा, जुने हवालदार आहेत, त्यांना जुने चोर तोंडपाठ आहेत, पण नवा चोर आला की ओळखणारं कोणी नाही. म्हणून आजीला लहानपणी झालेला गोवर परत होत नाही, पण दरवर्षी रूप बदलून येणारा फ्लू तिला आडवं करतो.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी. शरीरात बारीक सूज कायम धुमसत राहते, पोटाची चरबी, हिरड्यांचा आजार, वाढलेली शुगर, तंबाखू हे सगळे तिला हवा देतात. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली म्हातारपणाच्या या सुजेला वेगळं नावच दिलं. तर एका बाजूने यंत्रणा मंद आणि दुसऱ्या बाजूने विनाकारण चिडलेली, अशा यंत्रणेला "बूस्ट" करायचं म्हणजे नक्की काय करायचं? म्हणून मला तो शब्दच पटत नाही.

पहिलं काम: औषधांची पिशवी टेबलावर उलटी करा

प्रत्येक घरात ती असते, बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची नाहीतर सराफाची कापडी पिशवी. तीन डॉक्टरांच्या पट्ट्या, अर्ध्या कापलेल्या, नाव फाटलेल्या, एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा, आणि तळाशी कागदात बांधलेल्या पुड्या. सगळं बाहेर काढा, फोटो काढा, रोज खरंच काय घेतलं जातं ते विचारा. प्रिस्क्रिप्शनवर काय लिहिलंय आणि आजोबा काय घेतात यात पुष्कळदा फरक असतो.

यात खास बघायच्या गोष्टी सांगते.

एक, पुड्या. सांधेदुखीवर "एकदम गुण येतो" अशा बिननावाच्या पुड्या किंवा गोळ्या कुठून तरी आणलेल्या असतील तर सावध व्हा, अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं निघाल्याची प्रकरणं आपल्या देशात वारंवार झालीत. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल दिसायला लागला, शुगर अचानक चढली, कातडी पातळ होऊन हात लागला तरी काळंनिळं होतंय, असं असेल तर संशय घ्या. स्टेरॉइड इम्युनिटी दाबतं, हे तर त्याचं कामच आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) जो हाहाकार केला, त्यात वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी मोठं कारण होती. पण बरेच दिवस चालू असलेली अशी पुडी घरी मनाने एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, अचानक तोडलं की बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

दोन, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. पॅन्टोप्राझोल कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि मग वर्षानुवर्षं चालू राहते, कुणी बंदच करत नाही. पोटातलं ॲसिड जंतू मारायलाही असतं की. ही गोळी खूप वर्षं घेणाऱ्यांमध्ये पोटाचे काही इन्फेक्शन जास्त दिसतात आणि बी१२ पण कमी होतं, वरून डायबेटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ अजून खाली. रक्त पातळ करायची गोळी किंवा पेनकिलर चालू असलेल्यांना ॲसिडिटीची गोळी खरंच गरजेची असू शकते, म्हणून डॉक्टरला एवढंच विचारा, "ही अजून लागतेय का?"

तीन, झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. यांनी म्हातारी माणसं बरळतात, पडतात, आणि गुंगीत खाल्लेलं श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

चार, उलट बाजू. संधिवाताला मेथोट्रेक्सेट किंवा तत्सम गोळ्या चालू असतील तर "इम्युनिटी कमी करतात" म्हणून बंद करू नका. फक्त लस घ्यायच्या आधी त्या डॉक्टरांना सांगा, ते वेळ ठरवून देतात.

आणि गुळवेल. कोविडच्या काळात निम्म्या महाराष्ट्राने गुळवेलीचा काढा प्यायला. मुंबईच्या लिव्हर तज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची माहिती छापली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, नंतर देशभरातल्या हॉस्पिटलांनी मिळून अजून केसेस मांडल्या. वाद असू दे, पण ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे (म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटलेली, थायरॉइडचे काही आजार यातलेच) किंवा लिव्हर आधीच नाजूक आहे त्यांनी रोज काढा पिणं मी तरी टाळीन. डोळे-लघवी पिवळी झाली तर त्याच दिवशी बंद.

दुसरं काम: मोजकीच तपासणी

लॅबवाले "इम्युनिटी प्रोफाइल" नावाचं पॅकेज विकतात, ते घेऊ नका, त्यातून घरी करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, बास. आणि सगळ्यात स्वस्त तपासणी, वजनकाटा. सहा महिने ते वर्षभरात, डाएट वगैरे न करता, ५ टक्के वजन उतरलं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर ती "वय झालं, सुकणारच" अशी गोष्ट नाही. डॉक्टरकडे जायचं. त्यातही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्यायचीच, कारण तरुणपणी शरीराने दाबून ठेवलेला टीबी म्हातारपणी इम्युनिटी ढिली पडली की परत डोकं वर काढतो, आणि त्यांचा ताप-खोकला इतका सौम्य असतो की घरच्यांना शंकाच येत नाही.

शुगरबद्दल एक सांगायचं तर तरुणांसारखी एचबीए१सी ६.५ वगैरे टार्गेट घेऊन मागे लागू नका. वय आणि बाकी आजार बघून डॉक्टर ७.५-८ पर्यंत सुद्धा चालवून घेतात, कारण शुगर एकदम खाली जाऊन बाथरूममध्ये पडणं जास्त महागात पडतं. पण रक्तातली रोजची शुगर सतत २५०-३०० च्या वर असेल तर पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, लघवीचं इन्फेक्शन, पायाची जखम, बुरशी सगळं मागे लागतं.

तिसरं: तोंड, पाय आणि मिश्रीची डबी

याकडे कोणाचंच लक्ष नसतं. म्हाताऱ्या माणसाच्या न्यूमोनियाचे जंतू बरेचदा त्याच्याच तोंडातून खाली उतरलेले असतात. जपानमध्ये १९९९ साली छापलेल्या अभ्यासात वृद्धाश्रमातल्या लोकांचं तोंड रोज नीट साफ केलं तर न्यूमोनिया कमी झाले, आणि २०१५ मध्ये तिथल्याच पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांत दिसलं की कवळी तोंडात ठेवूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका साधारण दुप्पट. तर आज रात्रीपासून कवळी काढायची, ब्रशने घासायची, पाण्यात ठेवायची. जीभ आणि हिरड्या मऊ ब्रशने पुसायच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आडवं झोपवून भरवायचं नाही, पाठीला उशा देऊन बसवायचं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसू द्यायचं.

मिश्री. ग्रामीण भागात आणि मुंबई-पुण्यात राहायला आलेल्या कित्येक आज्यांच्या कमरेला नाहीतर उशीखाली ती डबी असतेच, आणि "तंबाखू खाता का?" विचारलं तर आजी प्रामाणिकपणे "नाही" म्हणते, कारण मिश्री तिच्या हिशेबात दात घासायची वस्तू आहे. तव्यावर काळी भाजलेली तंबाखूच ती. दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला तंबाखू लागत असेल तर तिथली सूज जायची कशी? म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर मिश्री आणि तपकीर हे शब्द आपण स्वतः उच्चारा. एकदम हिसकावून घेतली तर चिडचिड, बद्धकोष्ठ, भांडणं सगळं होतं, आधी दुपारची बंद, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी, असं करत आणा.

पाय रोज बघायचे, डायबेटीस असेल तर बोटांच्या मधे आणि टाचेच्या भेगांत खास. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आले की साबणाने धुवून कोरडे करायचे, लेप्टो अशा भेगांतूनच शिरतो. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरला पाण्याचं आवर्जून सांगा.

चौथं: ताटात प्रोटीन

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे वय वाढलं की माणूस "हलकं" खायला लागतो आणि हलकं म्हणजे नुसता स्टार्च. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, चार वाजता परत चहा-खारी, रात्री दूध-भात. हिशेब केला तर दिवसाचं प्रोटीन ३०-३५ ग्रॅमच्या वर जात नाही. तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे ५५ किलोच्या आजीला ५५ ते ६६ ग्रॅम, तरुणांपेक्षा जास्तच. अँटिबॉडी म्हणजे प्रोटीनच, पांढऱ्या पेशी बनायलाही प्रोटीनच लागतं, आणि आजारपणात शरीर हा माल स्नायू मोडून काढतं, मग स्नायूच नसतील तर काढणार कुठून?

किडनीचा त्रास असेल तर हा आकडा बदलतो, आधी विचारा. बाकीच्यांनी काय करायचं ते बघा. वरण घट्ट करा, एवढ्याने सुद्धा फरक पडतो. दुधात दोन चमचे स्किम्ड मिल्क पावडर ढवळली की तेवढ्याच दुधात ५ ग्रॅम वाढतात आणि त्यांना कळतही नाही. दुपारी वाटीभर दही. बिस्किटाच्या जागी मुगाचं धिरडं नाहीतर सातूचं पीठ, रात्री दूध-भाताऐवजी घट्ट पिठलं-भात, ४० ग्रॅम बेसनात ८-९ ग्रॅम मिळतात. दाण्याचा कूट भाजीत, आमटीत सढळ हाताने घाला, दात नसले तरी कूट चालतो. पनीर ५० ग्रॅम म्हणजे साधारण ९. अंडं खात असतील तर दिवसाला दोन, १२ ग्रॅम झाले, कसली कटकट नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना सांगायला नको, बांगड्यात शंभर ग्रॅमला १९-२० ग्रॅम असतं. आणि हे सगळं एकाच जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळेला वाटा, म्हाताऱ्या स्नायूंना एका वेळी २५-३० ग्रॅम मिळालं तर ते नीट वापरतात.

उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या, आणि चातुर्मास लागला की विचारूच नका. आईला उपवास सोडायला सांगून घरात वाद घालू नका, ती ऐकणार नाही आणि तुम्हीच वाईट ठराल. उपवासाचं ताट बदला. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर हे सगळं उपवासाला चालतंच. निर्जळी मात्र डायबेटीस किंवा किडनीवाल्यांना अजिबात नको, आणि त्या दिवशी शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी डॉक्टरला विचारून ठेवा.

सप्लिमेंट्सचं थोडक्यात: जे कमी आहे तेच भरा. व्हिटॅमिन डी कमी असेल तर घ्यावं, पण ६०,००० युनिटची ती पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला किती आणि किती आठवडे हे लिहून घ्या, कारण लोक वर्षभर घेत राहतात, मग कॅल्शियम चढतं, बद्धकोष्ठ होतं, माणूस बावचळतो आणि घरच्यांना वाटतं डिमेन्शिया सुरू झाला. झिंक कमी असलेल्या वृद्धाश्रमातल्या लोकांना ३० मिलिग्रॅम दिल्यावर टी-पेशी वाढल्याचं २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलंय, पण दिवसाला ४० च्या वर महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्याने पांढऱ्या पेशीच घटतात. सगळं उलटंच झालं की! व्हिटॅमिन सीच्या फेसाळ गोळ्यांपेक्षा पेरू, आवळा, लिंबू. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, त्यातल्या दुधामुळे.

पाचवं: स्नायू

२०१८ साली ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वयाचे १२५ सायकलवाले तपासले, आयुष्यभर सायकल चालवणारे, शंभर किलोमीटर साडेसहा तासांच्या आत मारणारे लोक (बायकांसाठी साठ किलोमीटर साडेपाच तासांत). त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी-पेशी तरुणांएवढ्या निघाल्या. आता आपल्या आई-बाबांना सत्तरीत शंभर किलोमीटर सायकलवर पाठवायचं नाहीये. पण काम करणारा स्नायू टी-पेशींना जगवणारी द्रव्यं रक्तात सोडतो, आणि नुसतं सकाळी कट्ट्यावर गप्पा मारत फिरल्याने पायांची ताकद फारशी वाढत नाही, ती जोर लावल्यावर वाढते.

हात न टेकवता खुर्चीतून उठा-बसा, भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची, पाच-पाचने सुरू करून दहा-दहाच्या तीन फेऱ्यांपर्यंत न्या. किचनच्या ओट्याला धरून टाचा वर-खाली. भिंतीवर हात टेकून जोर. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात वर. आठवड्यात दोन-तीन दिवस हे, बाकी दिवस चालणं, एकूण दीडशे मिनिटं झाली की उत्तम. पावसात बाहेर जाता येत नाही तर हॉलमध्ये, गॅलरीत, जिन्यात. छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टर.

झोपेवर लांबड लावत नाही. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दीचा व्हायरस नाकात सोडल्यावर सर्दी होण्याचं प्रमाण चौपटीच्या वर गेलेलं २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं होतं, ते लोक पंचावन्नच्या आतले होते तरी मुद्दा कळतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चार नंतर चहा बंद, सकाळी उन्हात बसवा. रात्री लघवीला चार वेळा उठत असतील तर प्रोस्टेट किंवा शुगर बघा.

अजून एक, आजोबांना डिमेन्शिया आणि आजी चोवीस तास त्यांचं करतेय अशी घरं खूप आहेत. अमेरिकेत १९९५ मध्ये असंच करणाऱ्या बायकांच्या हातावर छोटी जखम करून मोजलं, तर ती भरायला बाकीच्या बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तेव्हा त्या घरात इम्युनिटी आजीचीही बघायची, आणि तिला आठवड्यात दोन दिवस तरी तिथून सुटका द्यायची, कामवाली मावशी, भाचा, शेजारी कोणी का असेना.

सहावं: लसी, आणि हाच खरा बूस्टर

ज्याला अक्षरशः इम्युनिटी वाढवणं म्हणता येईल अशी एकच वस्तू बाजारात आहे आणि नेमकं तिच्यावर पैसे घालवताना आपण कचरतो.

फ्लू. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो, म्हणून लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये, घ्यायची. परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत जोर ओसरतो, त्यामुळे दरवर्षी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले प्रकार ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, म्हणून खोक्यावर एनएच किंवा एसएच आणि वर्ष लिहिलेलं असतं, टोचण्याआधी ते वाचा आणि मागच्या हंगामाचा उरलेला माल नाही ना बघा. हार्टवाल्यांनी तर चुकवूच नये, फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकची शक्यता साधारण सहापट होते असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. आणि शक्य असेल तर सकाळची अपॉइंटमेंट घ्या, बर्मिंगहॅमच्या एका अभ्यासात पासष्टच्या पुढच्या लोकांना सकाळी ९ ते ११ मध्ये लस दिल्यावर तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध अँटिबॉडी दुपारपेक्षा जास्त बनल्या. फुकटचा फायदा आहे, घ्या.

न्यूमोनिया म्हणजे न्यूमोकोकसची लस. दोन जातीच्या येतात. एक कॉन्जुगेट, १३, १५ किंवा २० प्रकारांवरची, दुसरी २३ प्रकारांवरची जुनी. २० वाली मिळाली तर एका डोसात काम झालं. १३ किंवा १५ वाली घेतली तर साधारण वर्षाने २३ वाली घ्यायची. उलट क्रमाने म्हणजे आधी २३ वाली घेतली असेल तरी बिघडत नाही, वर्षभर थांबून कॉन्जुगेट घ्या.

नागीण. कांजिण्यांचा व्हायरस आयुष्यभर नसांच्या मुळाशी झोपून असतो आणि टी-पेशी ढेपाळल्या की उठतो. कमरेला एका बाजूला फोडांचा पट्टा येतो, आधी दोन-तीन दिवस नुसतीच आग. मग घरात सुरू होतं, नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो, गेरू लावा, अमक्या गावात मंत्र घालतात तिकडे न्या. यात अख्खे तीन दिवस जातात आणि नेमके तेच ७२ तास व्हायरसवरच्या गोळ्यांसाठी महत्त्वाचे असतात. फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या टोकावर असतील तर लगेच, तासाभरात. फोड जाऊनही महिनोन्महिने जी आग राहते, साडीचा पदर सुद्धा सहन होत नाही, ती टाळायला लस आहे. शिंग्रिक्स भारतात २०२३ मध्ये आली, पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. महाग आहे, एक डोस दहा हजारांच्या घरात जातो. पण पन्नाशीच्या पुढे जवळपास ९७ टक्के आणि सत्तरीच्या पुढेही ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण, म्हाताऱ्यांमध्ये एवढी चालणारी लस विरळच. कारण तिच्यात चिलीतल्या एका झाडाच्या सालीपासून काढलेला घटक असतो, जो मंदावलेल्या यंत्रणेला हलवून जागं करतो. म्हणूनच दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते. घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं ठेवू नका.

धनुर्वात-घटसर्पाची टीडी दर दहा वर्षांनी, ती स्वस्त आहे आणि सगळे विसरतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, बारीक सुईने देऊन दोन मिनिटं दाबून धरतात. सगळं एका कागदावर तारखेसकट लिहून त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाका. पैशाची ओढाताण असेल तर माझा क्रम फ्लू, न्यूमोनिया, मग नागीण, पण आधी एकदा नागीण होऊन गेलेल्यांनी किंवा आईला झालेली बघितलेल्यांनी तिसरी पहिली घेतलेली मी समजू शकते.

सातवं: ताप नसतानाही इन्फेक्शन ओळखणं

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया असूनही थर्मामीटर ९९ दाखवतो. त्यांचं रोजचं तापमानच कमी असतं. म्हणून ते ठणठणीत असताना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. समजा ९७ निघालं, तर पुढे कधी ९९.२ दिसलं की तो ताप समजायचा, नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइट वाढ म्हणजे ताप. एरवी १०० च्या वर एकदा जरी गेलं तरी ताप.

आणि ताप नसताना हे बघा: काल नीट बोलणारी आई आज वार विसरतेय, भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणतेय, अचानक जेवण नको म्हणतेय, दोनदा पडली, अंथरुणात लघवी झाली, दिवसभर झोपून आहे. एका दिवसात असं बदललं तर ते वय नाही, इन्फेक्शन असू शकतं, नाहीतर शुगर किंवा सोडियम खाली. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, त्यांना न सांगता, शांत बसलेले असताना २५ च्या वर असेल किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली असेल तर सकाळची वाट बघू नका. आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, त्याने रिपोर्ट बिघडतात आणि पुढच्या वेळी औषध लागू होत नाही.

थायमस परत आणायची औषधं?

यूट्यूबवर बघून लोक विचारतात म्हणून लिहिते. २०१९ मध्ये अमेरिकेत नऊ पुरुषांना वर्षभर ग्रोथ हार्मोन, डीएचईए (हाही एक हार्मोनच) आणि मेटफॉर्मिन दिलं, एमआरआयमध्ये थायमसमधली चरबी कमी झालेली दिसली. नऊच माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. दुसरीकडे एव्हरोलिमस नावाचं औषध कमी डोसमध्ये दिल्यावर वृद्धांत फ्लूच्या लसीचा परिणाम सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं २०१४ मध्ये दिसलं, पण त्याच वाटेवरचं पुढचं औषध २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत फेल गेलं. संशोधन खरं आहे, चालू आहे, पण कोणी क्लिनिकमध्ये यातलं काही आत्ताच टोचायला निघालं असेल तर पाकीट खिशातच ठेवा. ग्रोथ हार्मोनने शुगर वाढते.

आणि आजारपणातून उठल्यावर

हे सगळं करूनही कधीतरी ॲडमिट व्हायची वेळ येतेच. तेव्हा घरचे म्हणतात, "पडून राहा, आराम करा." धडधाकट म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं तर पायांचे जवळपास किलोभर स्नायू गेले होते, आणि ते आजारी पण नव्हते. म्हणून डॉक्टरने परवानगी दिली की त्याच दिवसापासून जेवायला खुर्चीत बसवा, संडासला चालवत न्या, घरी आल्यावर उठा-बशा पाचपासून परत सुरू करा. भूक नसते तेव्हा दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी, प्रत्येकात काहीतरी प्रोटीनचं, अंडं, ताक नको घट्ट दही, मिल्क पावडर घातलेली खीर. हॉस्पिटलने दिलेल्या नव्या गोळ्यांची यादी जुन्या पिशवीशी जुळवून बघा, डबल झालेलं तिथेच सापडतं. दर रविवारी वजन, आणि महिनाभरात पहिल्या वजनाच्या जवळ आलं नाही तर फॉलो-अपची तारीख यायची वाट न बघता डॉक्टरला फोन करा.